खांबाला पाणी

त्या दुष्काळात आमच्या गावात एकच पीक जोमात आलं, ते म्हणजे सहकारी संस्था. दुधाची संस्था होती, दूध नव्हतं. पाणीपुरवठ्याची होती, तिच्या विहिरीच्या तळाशी पोरं गोट्या खेळायची. कुक्कुटपालनाची होती, तिचा एकुलता एक कोंबडा पहिल्याच वार्षिक सभेत संचालक मंडळाच्या पोटात गेला. त्यामुळे सरकारच्या कुठल्याशा योजनेतून गावाला सामुदायिक टीव्ही मंजूर झाला, तेव्हा पुढं काय करायचं हे कुणाला सांगावं लागलं नाही. आधी संस्था काढायची, मग संस्थेला ऑफिस, मग ऑफिसात टीव्ही. झाली स्थापन प्रेक्षक सहकारी संस्था. हसू नका. मी तिची संचालिका होते.

कशी झाले तेही सांगते. संचालक मंडळात एक बाई पाहिजे आणि एक मागासवर्गीय पाहिजे, असं तालुक्याच्या साहेबानं चेअरमनला बजावलं. चेअरमन विचारात पडले. दोन खुर्च्या कावून घालवायच्या? बौद्ध वस्तीतली बाई घेतली की एकाच खुर्चीत दोन्ही बसतात. मी बालवाडी चालवायची. नवऱ्याला सोडून माहेरी आले होते. त्यानं टाकली, असं गाव म्हणायचं. म्हणू दे, सोडलं मीच. सही झोकात करायची. घेतलं मला. पहिल्याच बैठकीत चेअरमन म्हणाले, "ताई, तुमी फकस्त सही करा. बोलायचं काम आमी करतो." त्या माणसाला आमच्या घराची माहिती नव्हती. आमच्याकडं बोलायचं काम बायकांकडंच असतं, आणि माझी आई जिवंत असेपर्यंत ते माझ्याकडंसुद्धा पूर्ण आलेलं नव्हतं.

आमचं गाव शिरूर कासारच्या बाजूला, चारी अंगांनी टेकड्या आणि मधे आम्ही. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जायचं, उरलेलं निम्मं त्या साली पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर खडी फोडायचं. अशा खोलगटात टीव्ही सुरू केला तर काय दिसणार? मुंग्या. पांढऱ्या-काळ्या मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं आणि त्यातून कढईत भजी सोडल्यासारखा आवाज. आठवडाभर गाव रोज संध्याकाळी जमून मुंग्या बघत होतं. एक म्हातारा तर रोज विचारायचा, "ह्या कुठल्या गावच्या हायत?"

मग ऑफिसच्या अंगणात लोखंडी नळीचा उंच खांब रोवून वर अँटेना बसवला. आता त्याचं तोंड कुठं करायचं? साधा प्रश्न. फिरवून बघायचं, जिकडं चित्र दिसेल तिकडं ठेवायचं. पण संस्था म्हटल्यावर असं कुणी करतं का? विषयपत्रिकेवर घ्यावं लागतं. चेअरमनचा गट म्हणाला, पुण्याकडं. चेअरमनचे मेव्हणे पुण्यात होते, आणि पुण्याकडं तोंड केल्याशिवाय या भागाची प्रगती न्हाई, असं त्यांचं मत होतं. व्हाइस चेअरमनचा गट म्हणाला, अंबाजोगाईकडं. "आपल्या जिल्ह्याची टीव्हीचं चित्र सोडायची मशीन हाय तिथं. आपलं सोडून परक्याच्या तोंडाकडं कावून बघायचं?" दोन गट पडले, चहा झाला, एकाची टोपी उडाली, पुन्हा चहा झाला. शेवटी एका जुन्या जाणत्या संचालकानं तोड काढली. दोघांचाही मान राहावा म्हणून अँटेनाचं तोंड बरोबर मधे करावं. ठराव सर्वानुमते मंजूर! मी सोडून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बरोबर मधे म्हणजे दक्षिणेचा डोंगर. त्या डोंगरावर तेव्हा एक बाभळ होती आणि कधीमधी शेळ्या. त्यांच्याकडून काही कार्यक्रम येत नव्हता.

अशात टीव्हीच्या पेटीला हात लावला की झिणझिण्या यायला लागल्या. लाइटीचा वायरमन आला. त्यानं खांबाच्या बुडाशी एक खड्डा केला, त्यात तार पुरली, अर्थिंग म्हणतात त्याला, आणि सांगितलं, "माती पार वाळलीय, एखादी कळशी पाणी वता." ओतलं. झिणझिण्या थांबल्या. पण योग असा, की त्याच संध्याकाळी आभाळ भरून आलं होतं की काय कोण जाणे, मुंग्यांमधून एक माणूस दिसला. कोट घातलेला. बातम्या सांगत होता की बियाण्यांबद्दल बोलत होता ते कळलं नाही, पण माणूस होता, नाकडोळ्यांसकट. गावानं एकच आरोळी ठोकली. आणि व्हाइस चेअरमन उभं राहून म्हणाले, "बघा! पाणी पडलं अन् चित्र आलं!"

झालं. जे दोन गट पिण्याच्या पाण्यावरसुद्धा कधी एक झाले नव्हते, ते इथं एक झाले. खांबाला रोज एक कळशी पाणी, घरटी पाळी लावून. टँकर कधी येईल त्याचा नेम नाही, आला की बाया एकमेकींच्या झिंज्या धरायच्या, आणि सांज झाली की त्यातलीच एक कळशी डोक्यावर घेऊन एक जण निमूट जाऊन लोखंडाला पाजून यायची. वर कुणीतरी खांबाला कुंकू लावलं. मग नारळ आला. मी बैठकीत विचारलं, "अहो, डोंगराकडं तोंड करून खांबाला समुद्र पाजला तरी काय दिसणार हाय?" चेअरमन म्हणाले, "ताई, तांत्रिक बाबीत पडू नका."

माझी आई तर चवताळलीच. दिवसभर तलावावर खडी फोडून यायची, हाताची सालटं निघालेली. म्हणायची, "देव सोडले आमी. तुझ्या आज्यानं पाटी-खोरं घेऊन सगळे दगड घराबाहेर काढले. ते काय ह्या नळीला पाणी घालायला काढले व्हय? माणसं तहानली मरू दे, खांब जगला पायजे!" आमच्या घराची पाळी आली की ती भांडी विसळलेलं राखेचं पाणी कळशीत भरून माझ्या हाती द्यायची. "घे. तुझ्या संस्थेला पाज." मी संचालिका असल्यानं मलाच ते नेऊन ओतावं लागायचं. कुणाला काही कळलं नाही. चित्र होतं तेवढंच राहिलं, म्हणजे नव्हतंच.

मग संचालक मंडळ अभ्यासदौऱ्यावर पुण्याला जाऊन आलं. बाईमाणसाची गैरसोय होईल म्हणून मला नेलं नाही. येताना त्यांनी बूस्टर आणला. साबणाच्या डबीएवढी वस्तू. अँटेनानं पकडलेलं बारीक चित्र तो मोठं करतो म्हणे. त्याचं उद्घाटन झालं, त्याला हार घातला, तो हारात दिसेना. बसवायला बीडहून मिस्त्री बोलावला होता. रेडिओ, टेप, पंखे सगळं दुरुस्त करायचा, आणि बढाया तर विचारू नका. मी मनात आणलं तर चंद्रावरचं चित्र लावून देईन, म्हणायचा. पण तो एक गोष्ट मात्र सगळ्या गावादेखत मोठ्यानं बोलला. "डिब्बा ऊपर लगेगा, अँटिना के बाजू में. ऊपर लगाए तो तस्वीर मोटी होती. नीचे लगाए तो वायर में जो कचरा गिऱ्या, वो मोटा होता."

चेअरमन म्हणाले, "वर नको. चोरीला जाईल."

"कौन चढ़ेगा उत्ते ऊपर?"

"अन् वर लावला तर दिसणार कुणाला? संस्थेची मालमत्ता हाय. कपाटात राहील."

काचेचं कपाट होतं ऑफिसात, त्यात कबड्डीचा एक कप आणि पुढाऱ्याबरोबरचा चेअरमनचा फोटो. त्यांच्या मधोमध बूस्टर बसला, कुलूप लागलं, किल्ली चेअरमनच्या करगोट्याला. मिस्त्री तणतणला. "तो लगाओ नीचे! चींटियाँ मोटी होंगी, और क्या!" आणि खरंच हो, मुंग्या माजल्या. आधी मुंग्या होत्या, आता मुंगळे झाले. आवाजही दणदणीत झाला. चेअरमन म्हणाले, फरक आहे. फरक होताच.

इथपर्यंत मला सगळी गंमत वाटत होती. चिडायचे, घरी येऊन नकला करायचे, आई हसून हसून पोट धरायची. मग एका संध्याकाळी ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम दारात आला.

माझी धाकटी बहीण त्याच्या टोळीत होती. आदल्या उन्हाळ्यात लग्न झालं, आणि दसऱ्यानंतर नवऱ्याबरोबर कोयता घेऊन गेली, तेव्हा तिला दिवस गेलेले होते. आईनं नको म्हणलं, मी नको म्हणलं. पण एकट्या माणसाला तोडीवर घेत नाहीत, जोडी लागते. गेली. टोळी आज या फडात, उद्या त्या फडात. पत्र टाकायचं तर कुठं टाकणार? मुकादम कुणाच्या तरी मयताला गावी आला होता. पाणी पिऊन म्हणाला, "मावशी, तुमची धाकटी टीव्हीत येणार हाय. आमच्या पाचटाच्या कोप्यांवर टीव्हीवाले आलते, मशीन घिऊन. बेस्तरवारी संध्याकाळी दाखवणार म्हणले, शेतीच्या कार्यक्रमात."

आईचा चेहरा फुलला. "बरी हाय ना?"

"बरी हाय की." मग त्यानं तांब्या खाली ठेवला. "टीव्हीवाले यायच्या आधी एकदा फळीवरून घसरली. मोळी डोक्यावर घिऊन टरकात चढायची फळी असती ना, तिच्यावरून. पर बरी हाय आता."

"पोटाला लागलं का?"

"त्ये काय मला म्हाईत न्हाई, मावशी. बायामाणसाचं. बरी हाय म्हणली."

तो गेला. आईनं त्या दिवशी चूल पेटवली नाही. बरी हाय, बरी हाय, एवढंच पुटपुटत बसली होती, आणि मग एकदम माझ्यावर उसळली. "तुझ्या त्या डबड्यात मला पोरगी दिसली पायजे. मुंग्या न्हाई. पोरगी. तिचं पोट हाय का न्हाई ते मला माझ्या डोळ्यानं बघू दे."

मी चेअरमनकडं गेले. बूस्टर वर लावा आणि अँटेना फिरवा, म्हटलं. ते म्हणाले, पुढच्या बैठकीत विषय घेऊ. बैठक पुढच्या महिन्यात. मी त्यांना जे बोलले ते इथं लिहीत नाही. रडतच घरी आले. रागानं रडले, खोटं कशाला सांगू.

आईनं ऐकून घेतलं. म्हणाली, "उद्याची पाळी कुणाची हाय?"

"आपल्याच वस्तीची हाय, आठवडाभर."

"बरं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती रिकामी कळशी घेऊन ऑफिसात गेली. आमच्या वस्तीतल्या सगळ्या बाया मागं, सगळ्यांच्या कळश्या रिकाम्या. तिनं आपली कळशी चेअरमनच्या टेबलावर उपडी ठेवली, ठण्णकन. "डबी वर लावा, त्वांड फिरवा. तवर आमच्या वस्तीचं पाणी बंद. खांब वाळला तर वाळू दे."

मला वाटलं, हसतील. कुणी हसलं नाही. सगळे पांढरेफटक पडले! त्यांचा खरोखर विश्वास होता त्या पाण्यावर. त्यात नेमक्या त्याच बेस्तरवारी, शेतीच्या कार्यक्रमाला लागून, पुढाऱ्याचा दुष्काळी दौरा दाखवणार होते, आणि त्यात पुढाऱ्याच्या खांद्यामागं आमचे चेअरमन असणार होते. त्यांनी घरी नवं धोतर काढून ठेवलं होतं, टीव्ही बघायला. बिनपाण्याच्या खांबावर त्यांचं तोंड कसं उमटणार? जागच्या जागी तातडीची बैठक झाली. बूस्टर एका दिवसापुरता, प्रायोगिक तत्त्वावर, वर लावावा. खाली राखण बसवावी. दिशा मिस्त्रीनं ठरवावी, मात्र त्याचा अर्थ कुठल्याही गटाचा विजय असा घेऊ नये.

बेस्तरवारी दुपारीच मिस्त्री आला. शिडीवर चढताना सगळ्या गावाला ऐकवत होता, "मैं पहिलेच बोल्या था! पहिलेच दिन बोल्या था!" त्यानं बूस्टर अँटेनाला बांधला, वरून पावसासाठी प्लास्टिकची पिशवी गुंडाळली. पावसासाठी! आमच्याकडं! मग आईनं पदर खोचला आणि खांब कवटाळून फिरवायला लागली. दुसऱ्या कुणाला हात लावू देईना. मिस्त्री शिडीवर, आई खाली, मी खिडकीत, व्हाइस चेअरमन टीव्हीपुढं.

"दिसतंय का?"

"न्हाई!"

"फिरव!"

"मुंग्या!"

"अजून फिरव!"

"कायतरी हाललं! गेलं! मागं घ्या, मागं घ्या!"

"अगं माय, हळू! जरा उलटं!"

आणि एकदम आत आरडाओरडा झाला. "आलं! आलं! थांबा, हालू नका कुणी!" मी वळून बघितलं. एक बाई बटाटे चिरत होती. बोटातली अंगठीसुद्धा दिसत होती. इतके दिवस आम्ही त्या पेटीत काय बघत होतो, असं झालं मला. अँटेनाचं तोंड अंबाजोगाईकडं होतं. चेअरमन धावत आले, डोळे भरून चित्र बघितलं आणि म्हणाले, "पुणंच ते. मी म्हणलोच होतो."

संध्याकाळी ऑफिस, अंगण, भिंती, सगळीकडं माणूस. आमची वस्ती एरवी उंबऱ्याबाहेर बसायची. तसा नियम नव्हता, तशी सवय होती. आई त्या दिवशी सरळ आत गेली आणि टीव्हीपुढं, चेअरमनच्या खुर्चीच्याही पुढं, मांडी घालून बसली. चेअरमन म्हणाले, "बाई, जरा बाजूला, दिसत न्हाई." आईनं मागं वळूनही बघितलं नाही.

ऊस दिसला. ऊसच ऊस, आभाळापर्यंत. मग कोप्या, चिपाडाच्या चुली, नागडी पोरं. मग एक भरत आलेला ट्रक, त्याला लावलेली फळी, आणि फळीवरून एक बाई मोळी घेऊन चढत होती. डोक्यावर एवढी मोठी मोळी, एक हात मोळीला आणि दुसरा पोटाखाली.

"हाय!" आई ओरडली. "हाय गं बाई! पोट हाय तिचं! बघ, बघ केवढं झालंय!" तिनं माझा दंड असा धरला की चार दिवस वळ होता. आणि लगेच ती गुडघ्यावर उठून काचेला म्हणायला लागली, "उतर गं खाली. नको चढू. अगं, नको चढू फळीवर, उतर माझे आई..."

कुणी हसलं नाही. धाकटी चढली, मोळी टाकली, उतरली. तोंड काळंठिक्कर पडलं होतं, पण तीच, तेच वरचे पुढं आलेले दोन दात. टीव्हीवाल्यानं विचारलं, गाव कुठलं? तिनं गाव सांगितलं. गावाकडं कोण असतं? "माय हाय, बहीण हाय." त्यांना काही सांगायचंय का? तिनं पदरानं तोंड पुसलं, इकडंतिकडं बघितलं. तिच्या मागं फडाच्या कडेनं पाटाचं पाणी वाहत होतं, हातभर रुंद, भरून, खळखळ. ती लाजली आणि म्हणाली, "काय सांगू? हितं पाणी लई हाय, म्हणावं."

अख्खं गाव त्या पाटाकडं बघत होतं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "किती चाललंय बघा वाया." आई एकटी पोरीकडं बघत होती. मग पोरगी गेली, दुसरंच कुणीतरी आलं, आणि आई म्हणाली, "थांबवा ना. जरा थांबवा तिला." कुठून थांबवणार?

त्यानंतर दुष्काळी दौरा लागला. पांढरी गाडी आली, दार उघडलं, पुढाऱ्याचा पाय खाली आला, चेअरमन खुर्चीत सरसावून बसले आणि लाइट गेली. अशी गेली की दुसऱ्या दिवशी दुपारी आली. जन्मात एवढा आनंद मला लाइट गेल्याचा झाला नाही.

दुसऱ्या दिवशीच बैठक. चेअरमन रात्रभर झोपले नव्हते, डोळे लाल. प्रयोग यशस्वी झाल्याबद्दल संचालक मंडळाचं अभिनंदन करण्यात आलं. प्रयोग संपल्यामुळे बूस्टर पुन्हा कपाटात ठेवण्यात यावा, आणि गावातील सलोखा लक्षात घेऊन अँटेनाचं तोंड पूर्ववत मधोमध करण्यात यावं. मी टेबलावर हात आपटून भांडले, घसा बसेपर्यंत भांडले. इतिवृत्तात ते असं आलं: चर्चेत महिलांनीही उत्साहानं भाग घेतला. मिस्त्री बीडला निघून गेला होता. तिसऱ्या प्रहरी बूस्टर कबड्डीच्या कपाशेजारी जाऊन बसला, आणि अँटेना बाभळीकडं बघायला लागला.

मी घरी येऊन हे सगळं आईला सांगितलं. मला वाटलं होतं, ती पुन्हा कळश्या उपड्या करायला लावील. पण ती उठली, रांजणाचं झाकण काढलं. तळाशी टँकरचं गाळून ठेवलेलं प्यायचं पाणी होतं, दोन दिवस पुरवायचं. तिनं त्यातून कळशी भरली, कडेवर घेतली आणि निघाली. मी मागून गेले. आमची पाळी होती, पण पाळीला ती कसलं पाणी द्यायची ते मला माहीत होतं.

ऑफिसच्या अंगणात कुणी नव्हतं. आत मुंगळे चालू होते, त्यांचा आवाज बाहेर येत होता. आई खांबापाशी वाकली आणि खड्ड्यात पाणी ओतायला लागली. भडाभडा नाही, पोराच्या अंगावर घालतात तसं, सावकाश, हातानं बाजूची माती सारखी करत.

मला राहवेना. "माय, अगं डबी कपाटात हाय. त्वांड डोंगराकडं हाय. ह्या पाण्यानं काय बी होत न्हाई."

"म्हाईत हाय मला."

"मग कावून घालतीस? प्यायचं पाणी हाय ते. तूच म्हणायचीस ना, देव सोडले आपण?"

"पूजा न्हाई करत मी. पोरगी दावली त्यानं मला," ती म्हणाली. तिनं कळशी पूर्ण रिकामी होईपर्यंत धरली, शेवटचा थेंबसुद्धा झटकून घातला, आणि खांबाला हात लावून वर अँटेनाच्या काड्यांकडं बघितलं.

"दिसभर उन्हात उभा हाय गं त्यो. तहान लागली असंल."